आरोग्यसेविका दारात असतानाच गोळ्या खा

हत्तीरोगाची मोहीम गावात किंवा वॉर्डात आली की आशाताई आणि आरोग्यसेवक घरोघर फिरतात. प्रत्येकाचं वय विचारतात, लहान मुलांची उंची बघतात, तळहातावर गोळ्या ठेवतात आणि म्हणतात, "आत्ता खा, माझ्यासमोर." इथंच गाडं अडतं. "जेवण व्हायचंय, मग घेतो." "हे शेतावर गेलेत, त्यांच्या ठेवून जा." "आम्हाला काय धाड भरलीय? आमचे पाय चांगले धडधाकट आहेत." ताईला अजून पंचवीस घरं करायची असतात. ती गोळ्या देऊन पुढे जाते, वहीत नावापुढे खूण होते आणि गोळ्या देवळीत, फ्रिजवर, टीव्हीखालच्या कप्प्यात पडून राहतात.

माझी विनंती त्या एका क्षणापुरती आहे. गोळ्या ठेवून घेऊ नका. दोन घास खा, पाणी मागा आणि तिच्या देखतच घ्या. तुम्ही ठणठणीत असाल तर आधी तुम्ही घ्या.

ठणठणीत माणसाने औषध का घ्यायचं, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर लोकांना नीट सांगितलं जात नाही. हत्तीरोग होतो तो वुचेरेरिया नावाच्या जंतामुळे. दोऱ्याएवढा बारीक, मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब. तो शरीरातल्या लसिकावाहिन्यांत मुक्काम ठोकतो आणि सहा ते आठ वर्षं तिथं जगतो. या काळात मादी लाखो सूक्ष्म पिल्लं रक्तात सोडत राहते. ज्याच्या रक्तात ती फिरत असतात त्याला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. ना ताप, ना सूज. लागण अनेकदा लहानपणीच होते आणि पाय सुजायला लागतो तो कित्येक वर्षांनी. म्हणजे आज ज्याचा पाय सुजलेला दिसतो त्याच्याकडून फैलाव होत असेलच असं नाही. बाजारात भाजी घेणारा, कबड्डी खेळणारा, अंगावर कुठलीही खूण नसलेला माणूस मात्र डासामार्फत शेजाऱ्याला हा जंत देत असू शकतो, आणि त्याची त्याला कल्पनाही नसते.

ही पिल्लं दिवसा शरीरात खोलवर दडून बसतात आणि रात्री वरच्या रक्तात येतात, कारण त्यांना वाहून नेणारा क्युलेक्स डास रात्री चावतो. म्हणून हत्तीरोगाची रक्ततपासणी रात्री करावी लागते. साडेआठ-नऊ वाजले, जेवणं उरकली की पथक वस्तीवर येतं. कुणाच्या तरी ओसरीवर दिव्याखाली बसून एकेकाच्या बोटाला सुई टोचतात, काचपट्टीवर रक्ताचा जाडसर थेंब पसरून वाळवतात, वर नंबर घालतात. काही माणसं पथकाची चाहूल लागली की मागच्या दाराने निघून जातात, काही झोपल्याचं सोंग करतात. दिवसभर राबून आलेल्या माणसाला रात्री बोट टोचून घ्यायचा कंटाळा येणं मी समजू शकतो. पण ती काचपट्टीच सांगते की या वस्तीत जंत अजून फिरतोय की नाही. पथक आलं तर बोट पुढे करा.

हे सगळं आपल्याला काल-परवा कळलेलं नाही. माणसाच्या रक्तातली ही पिल्लं टिमोथी लुईस यांनी कलकत्त्यात १८७२ साली पाहिली. पुढे १८७७ मध्ये चीनच्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी ती डासाच्या शरीरात वाढताना पाहिली. माणसाचा परजीवी डासात वाढतो हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं, आणि मलेरियाचा डासाशी असलेला संबंध त्यानंतर वीस वर्षांनी, १८९७ मध्ये, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी सिद्ध केला. दीडशे वर्षं शत्रू ओळखीचा आहे. मग तो अजून का आहे?

एक कारण असं, की हा रोग सहसा जीव घेत नाही. डेंग्यूने माणूस दगावला की बातमी येते, धूरफवारणीची गाडी येते, नगरसेवक येतात. हत्तीरोगाचा माणूस तीस-चाळीस वर्षं जड पाय ओढत जगतो आणि त्याची बातमी कधीच होत नाही. जगभर हेच आहे. आफ्रिकेतलं खेडं असो, पॅसिफिकमधलं बेट असो की गडचिरोलीतला पाडा, हा रोग गरिबांच्या वस्तीत राहतो आणि गरिबाच्या दुखण्याला आवाज नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत घातलंय ते उगाच नाही. जागतिक निर्मूलन कार्यक्रम २००० साली सुरू झाला तेव्हा जगात सुमारे १२ कोटी लोकांना लागण होती आणि त्यांतल्या जवळपास ४ कोटींच्या शरीराला व्यंग आलं होतं. अशा दुर्लक्षित आजारांसाठी ३० जानेवारी हा जागतिक दिवस पाळला जातो. तो येतो आणि जातो, आपल्यापैकी किती जणांना कळतो?

दुसरं कारण आपल्या हातातलं आहे, आणि म्हणूनच मी हे लिहितोय. हा जंत माणसाखेरीज दुसऱ्या कुठल्याही प्राण्यात तग धरत नाही. गुराढोरांत नाही, रानातल्या जनावरांत नाही. डासाच्या पोटात त्याची संख्याही वाढत नाही. एकदा-दोनदा डास चावल्याने सहसा काही होत नाही, महिनोन्‌महिने चावे बसावे लागतात. म्हणजे वस्तीतल्या बहुतेक माणसांनी काही वर्षं ओळीने औषध घेतलं, तर रक्तातली पिल्लं इतकी कमी होतात की डासाला पुढे न्यायला काही उरतच नाही. श्रीलंका आणि मालदीवने २०१६ मध्ये, थायलंडने २०१७ मध्ये हे करून दाखवलं. बांगलादेशने २०२३ मध्ये केलं. तिथली गर्दी, गटारं, पावसाळा, गरिबी यांतलं काही आपल्यापेक्षा वेगळं नाही. चीनने तर मिठातच औषध मिसळून लोकांना खाऊ घातलं. आपल्याकडे राष्ट्रीय कार्यक्रम १९५५ पासून आहे, निर्मूलनाची तारीख एकापेक्षा जास्त वेळा पुढे ढकलली गेली आहे, आणि आता २०२७ हे वर्ष ठरलंय. महाराष्ट्रात पूर्व विदर्भाने हा रोग पिढ्यान्‌पिढ्या सोसलाय. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. तीन औषधांचा नवा उपचार देशात सुरू झाला तेव्हा पहिल्या काही जिल्ह्यांत नागपूर होतं. औषध आलं, फुकट आलं, दारापर्यंत आलं. एखादी पेठ, एखादा टोला सोडून दिला तर जंत तिथून पुन्हा पसरतो. जिल्हा सुटला की नाही हे शेवटी ठरतं पहिली-दुसरीतल्या पोरांच्या रक्तावरून. त्यांच्यात लागण सापडली, तर मोठ्यांनी गोळ्या टाळल्या असा त्याचा सरळ अर्थ निघू शकतो.

भीतीबद्दलही स्पष्ट बोलायला हवं, कारण एका घरात कुणाला उलटी झाली की संध्याकाळपर्यंत गावभर होतं. गोळ्या घेतल्यावर काहींना ताप येतो, डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. ज्याच्या रक्तात पिल्लं जास्त, त्याला हा त्रास होण्याची शक्यता जास्त, कारण ती मरत असतात. बहुतेकांचा त्रास एक-दोन दिवसांत आपोआप जातो. जास्त वाटलं तर आशाताईला कळवा, मोहिमेच्या काळात पथकं त्यासाठी तयार असतात. उपाशीपोटी घेऊ नका. जंताची गोळी चावून खायची असते. दोन वर्षांखालचं मूल, गरोदर बाई आणि गंभीर आजारी माणूस यांना देऊ नका. नुकतीच बाळंत झालेली बाई असेल तर ताईला आधी सांगा. बीपी, शुगरच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनीही घ्यायच्या असतात, "मला आधीच चार गोळ्या आहेत" म्हणून सुटायचं नाही.

आता ज्यांचा पाय आधीच सुजलाय त्यांच्याविषयी. या गोळ्यांनी जुनी सूज उतरत नाही, आणि तसं खोटं सांगून कुणाला गोळ्या खायला लावू नयेत. पण त्या माणसासाठी करण्यासारखं बरंच आहे. त्वचेच्या घड्यांत, बोटांच्या बेचक्यांत भेगा पडतात, त्यांतून जंतू शिरतात, थंडी वाजून ताप भरतो, पाय लालभडक होतो, आणि अशा प्रत्येक झटक्यानंतर सूज थोडी आणखी वाढते. झटके थांबवायचे तर पाय रोज धुवायला हवा. साधा साबण, साधं पाणी. गुडघ्यापासून खाली हलक्या हाताने, प्रत्येक घडी उघडून, प्रत्येक बेचक्यात बोट घालून. मग सुती फडक्याने टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. भेग दिसली तर मलम. बसताना पाय उंचावर, घोटा थोडा थोडा हलवायचा, बाहेर जाताना पायात सैल चप्पल. म्हातारीचा हात घोट्यापर्यंत पोचत नाही. तिच्यासमोर बादली घेऊन सुनेने, मुलाने, नातवाने बसावं. मुलानेसुद्धा, हे मी मुद्दाम लिहितोय.

याच रोगाने पुरुषांना होणाऱ्या अंडवृद्धीवर तर शस्त्रक्रियेचा उपाय आहे आणि ती सरकारी रुग्णालयात होते. लाजेपायी माणसं वीस वीस वर्षं धोतराआड ती लपवतात, कामाला जात नाहीत, लग्नाचं टाळतात. तुमच्या घरात असा कुणी असेल तर त्याला बाजूला घेऊन सांगा आणि डॉक्टरकडे सोबत जा. पाय सुजलेल्या मुलीला लग्नाच्या बाजारात नाकारणाऱ्या घरांना माझं सांगणं आहे की तिच्या पायाला हात लावून कुणाला हा रोग होत नाही. तो डासातून होतो, आणि तो डास तुमच्याही गटारावर आहे.

कारण क्युलेक्स घाण पाण्यात वाढतो. तुंबलेली नाली, उघडा शोषखड्डा, संडासाच्या टाकीची जाळी नसलेली नळी. त्या नळीच्या तोंडाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधायला दहा मिनिटं लागतात. रात्री मच्छरदाणी लावा, निदान मुलांना तरी.

पुण्या-मुंबईत, बंगळुरात, दुबईत नोकरीला असलेल्या विदर्भातल्या मंडळींना एक सांगायचंय. मोहीम साधारणपणे १० फेब्रुवारीच्या सुमाराला, आणि काही ठिकाणी १० ऑगस्टच्या सुमाराला सुरू होते. त्या आठवड्यात घरी फोन करा. "गोळ्या मिळाल्या का?" असं विचारू नका, "हो" हेच उत्तर येईल. "कुणी कुणी खाल्ल्या?" असं विचारा आणि एकेकाचं नाव घ्या. बाबा शेतावर होते म्हणून राहिले असतील तर आशाताईचा नंबर मागून घ्या आणि ती परत कधी येणार ते तिलाच विचारा. सुटलेल्या घरांसाठी तिची दुसरी फेरी असते.