परवान्याची दारूबंदी

गेल्या नाताळात अमेरिकेत नोकरीस असलेला आमच्या परिचयाचा एक तरुण घोडेगावी आम्हांस भेटावयास आला. मुलगा सालस, रविवारची मिस्सा न चुकविणारा. ओसरीवर चहा घेता घेता त्याने तिकडच्या राजकारणाची वाखाणणी आरंभिली. तेथील उमेदवार व्यासपीठावरून प्रभूचे नाव घेतात, कुटुंबाचे पावित्र्य आणि गर्भातील जिवाचे रक्षण या प्रश्नांवर निवडणुका लढवितात. आपल्याकडे असे कोण आहे, असा त्याचा सवाल होता. ''फादर, तशी माणसे आपल्याकडे हवीत,'' असे तो दोनदा म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. त्या वेळी आम्ही त्याला अर्धवट उत्तर दिले. ते येथे पुरते देत आहोत, कारण हाच सूर अलीकडे आपल्या अनेक घरांतून, विशेषतः ज्यांची मुले परदेशी स्थायिक झाली आहेत अशा घरांतून, कानी येऊ लागला आहे.

नीतीची भाषा बोलणारे राजकारण सत्तेवर आल्यावर काय करते, हे पाहिल्यावाचून त्याची पारख होत नाही. अमेरिकेत अशा राजकारणाला एकदा संपूर्ण विजय मिळाला होता. १९१९ च्या जानेवारीत तेथील राज्यघटनेची अठरावी दुरुस्ती मंजूर झाली आणि १७ जानेवारी १९२० पासून सबंध देशात मद्य तयार करणे, विकणे व वाहून नेणे हा गुन्हा ठरला. या चळवळीमागे प्रॉटेस्टंट चर्चचे मोठे बळ होते. तिच्यात खरे सुधारकही होते, आणि दारुड्या नवऱ्याचा मार सोसलेल्या बायकांचे अश्रू खोटे नव्हते. ते अश्रू पाहून आम्हीही कदाचित त्या कायद्याला मत दिले असते.

पुढे काय झाले? ज्यांनी कायदा केला त्यांच्याच घरी मालाचा पुरवठा सुरू झाला. जॉर्ज कॅसिडी नावाचा, महायुद्धावरून परतलेला एक बेकार सैनिक अमेरिकी संसदेच्या सदस्यांना दारू पोचवू लागला. सदस्यांच्या कार्यालयांच्या इमारतीतच त्याला माल ठेवण्यास खोली मिळाली होती. पाच सदस्यांपैकी चार जण पितात, असा त्याचा दावा होता, आणि १९३० साली त्याने ही सारी हकीकत वृत्तपत्रातून जाहीर मांडली. वॉरन हार्डिंग यांनी सेनेटर असताना दारूबंदीच्या दुरुस्तीला मत दिले; राष्ट्राध्यक्ष झाल्यावर व्हाइट हाउसच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या पत्त्यांच्या डावात व्हिस्की खुशाल फिरत असे. आणि १९२८ साली मिशिगन राज्यात एटा मे मिलर या दहा मुलांच्या आईला थोडीशी जिन विकल्याबद्दल जन्मठेप झाली. गुन्हा चौथा होता, एवढेच तिचे पाप. पुढे ती शिक्षा कमी करण्यात आली, तरी देशभरच्या दारूबंदीचे कर्ते संसदेत आपापल्या पेल्यांसह सुरक्षित बसले होते.

त्या कायद्याला सूट होतीच. डॉक्टरांनी लिहून दिलेली व्हिस्की औषध ठरे. वेदीवरील द्राक्षारसालाही मुभा होती, आणि हे सांगताना आम्हांस मान खाली घालावी लागते, की त्या वर्षांत वेदीच्या द्राक्षारसाची मागणी अशी वाढली की तेवढ्या मिस्सा कोण अर्पण करीत होते, असा प्रश्न पडावा.

आपल्या तरुणाने आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. दारूबंदीच्या या धर्मयुद्धात कू क्लक्स क्लान ही काळ्यांचा, ज्यूंचा आणि कॅथलिकांचा द्वेष करणारी संघटना हिरिरीने उतरली होती. आयरिश, इटालियन, पोलिश कॅथलिक म्हणजे दारुडे परके, हे तिचे समीकरण. १९२८ साली न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ अध्यक्षपदासाठी उभे राहिले. ते कॅथलिक होते, दारूबंदीचे विरोधकही होते. ते निवडून आले तर पोप अटलांटिकखालच्या बोगद्यातून अमेरिकेत येतील, अशी आवई उठविली गेली आणि ती खरी मानणारेही निघाले! स्मिथ पडले. त्यांच्या पराभवाला इतरही कारणे होती, पण पवित्र नीतीचा तो सोटा त्या वेळी आपल्याच पाठीवर बसला होता. ५ डिसेंबर १९३३ रोजी दारूबंदी उठली; त्या नीतीची रीत मात्र उठली नाही.

गर्भातील जिवाविषयी ख्रिस्तसभेची जी शिकवण आहे तीच आमची आहे, तीत तसूभरही बदल नाही. म्हणूनच आम्हांस अधिक चीड येते. पेनसिल्व्हेनियाचे संसद सदस्य टिम मर्फी गर्भपातविरोधी विधेयकांचे पुरस्कर्ते म्हणून मिरवीत. आपल्या प्रेयसीला गर्भपाताचा सल्ला दिल्याचे उघडकीस आल्यावर २०१७ च्या ऑक्टोबरात त्यांना पायउतार व्हावे लागले. जुलै २०२० ते जानेवारी २०२१ या सहा-सात महिन्यांत, सतरा वर्षांच्या खंडानंतर, अमेरिकेच्या केंद्र सरकारने तेरा जणांना मृत्युदंड दिला. त्या सरकारला आपण जीवनाचे रक्षक आहोत असे सांगताना जराही अडखळावे लागले नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली धर्मशिक्षण ग्रंथात दुरुस्ती करून मृत्युदंड सर्वथा अग्राह्य ठरविला होता. अमेरिकेतच जन्मलेले पोप लिओ यांनीही सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या देशबांधवांना याच विसंगतीची जाणीव दिली. गर्भपाताला विरोध करून मृत्युदंडाची पाठराखण करणाराला जीवनाचा खरा पक्षपाती कसे म्हणावे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. घरच्याच माणसाने कान धरावा तसे हे झाले.

आमचा तरुण म्हणेल, ही अमेरिकेची गोष्ट झाली. मग त्याने आमच्याबरोबर घोडेगावच्या रस्त्यावर चार पावले यावे. हे तालुक्याचे ठिकाण. तहसील येथे, न्यायालय येथे, आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही येथे. रस्त्याच्या कडेला 'परमिट रूम' अशी पाटी दिसली की त्याने थांबून विचारावे, हे परमिट कसले? आत बसलेल्यांपैकी किती जणांना उत्तर ठाऊक असेल, याची आम्हांस शंकाच आहे. १९४९ चा दारूबंदीचा कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. कायद्याच्या दृष्टीने हे राज्य कोरडे आहे. ज्याच्याकडे परवाना आहे त्यालाच पिण्याची मुभा. तो परवाना कोणी विचारीत नाही, कोणी दाखवीत नाही, आणि त्याच दारूवरील शुल्कातून राज्याची तिजोरी भरते. कोरड्या राज्याची ओली तिजोरी!

हा कायदा एका थोर स्वप्नातून जन्मला, हे आंबेगाव तालुक्याला सांगावयास नको. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाच्या मोटारीपुढे आडवा झालेला बाबू गेनू याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचा. डिंभे धरणाच्या जलाशयाला त्याचेच नाव आहे. त्या चळवळीत कापडाच्या दुकानांप्रमाणे दारूच्या दुकानांपुढेही लोक निरोधनास उभे राहत. स्वराज्य आले, १९५० मध्ये मोरारजी देसाईंनी मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आणली, आणि अमेरिकेत घडले ते येथेही घडले. डॉक्टरांचा दाखला आणणाऱ्या श्रीमंतास प्रकृतीच्या कारणास्तव परवाना मिळे. गरिबास हातभट्टी, आणि पुढे पोलीस. मुंबईतील आपल्या वस्त्यांतून 'आंटीचे अड्डे' निघाले ते याच काळात. चित्रपटांनी या आंटीची टिंगल केली. वैधव्यात चार मुले वाढविणाऱ्या त्या बाईकडे आपणही नीट पाहिले नाही.

पुढाऱ्यांची कथा तर विचारू नये. २००७ साली सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देऊ केले, आणि परवाने घेणाऱ्यांत निरनिराळ्या पक्षांतील पुढाऱ्यांचे आप्त निघाले. २०२२ च्या जानेवारीत तीन पक्षांच्या सरकारने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास मान्यता दिली, कारण सांगितले द्राक्ष बागायतदारांच्या हिताचे. विरोधी बाकांवरील भारतीय जनता पक्षाने तेव्हा संस्कृती बुडाली म्हणून आकाश-पाताळ एक केले. तोच पक्ष सत्तेत प्रमुख असताना, जून २०२५ मध्ये, मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढवून सुमारे १४,००० कोटी रुपयांचे जादा उत्पन्न मिळविण्याचे ठरविले आणि धान्यापासूनच्या 'महाराष्ट्र निर्मित मद्या'चा एक नवा वर्ग काढला. संस्कृती या वेळी बुडाली नाही. बहिणीच्या खात्यात महिन्याला दीड हजार जमा होतात आणि मेहुण्याच्या खिशातून तेवढेच, कदाचित अधिक, दुकानावर वसूल होतात. हा हिशेब आम्ही पुस्तकात वाचलेला नाही, बाजारात ऐकला आहे.

बायकांच्या हाती काही नाही असे मात्र कोणी म्हणू नये. 'उभी बाटली' की 'आडवी बाटली' असे मतदान घेऊन गावातील दुकान बंद पाडण्याचा अधिकार त्यांना दिलेला आहे. अट एवढीच, की यादीतील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीला मत दिले पाहिजे. यादीत मृतांची नावे, पुण्या-मुंबईस कामाला गेलेल्यांची नावे, सासरी गेलेल्या लेकींची नावे. ती सारी उभ्या बाटलीच्या खाती जमा. झालेल्या मतांत एका मताचे आधिक्य मिळविणारा उमेदवार आमदार होतो आणि त्याच गावच्या बाईला दारूचे दुकान हटवावयाचे तर मेलेल्यांचाही कौल आणावा लागतो. हा नियम ज्यांनी केला त्यांना दारूबंदीची आस्था होती, यावर आमचा विश्वास नाही. झालेल्या मतांतील बहुमत पुरेसे मानावे, ही मागणी आपल्या धर्मग्रामांच्या मंडळांनी लेखी करावी.

डिंभ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत हिरडा गोळा करून पोट भरणारी एक बाई हातभट्टीच्या गुन्ह्यात सापडली होती. सुटून आल्यावर तिने आम्हांस विचारले, ''बाबा, सरकारची दारू चालती, मंग माझीच कशी वाईट?'' (ही गोष्ट पापनिवेदनातील नाही, भर अंगणात चार माणसांदेखत झालेली आहे.) हातभट्टीने माणसे मरतात, हे आम्ही तिला सांगितले, आणि ते खरेच आहे, २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. तिने ते ऐकून घेतले. पण सरकारच्या दारूने तिचा नवरा गेला होता, तो दहा वर्षे हळूहळू गेला म्हणून त्याची नोंद कोठे झाली नाही. तिला पुढे काय सांगावे ते आम्हांस सुचले नाही.

आम्ही तरी कोणत्या तोंडाने सांगणार? आम्ही रोज सकाळी वेदीवर द्राक्षारस अर्पण करतो, त्याची सोय कायद्याने करून ठेवली आहे. काना गावचे ते लग्न आम्हांस चांगले ठाऊक आहे. द्राक्षारसात पाप आहे असे आम्ही कधी शिकविले नाही. परंतु आपल्या लग्नघरात मंडपामागे वेगळी खोली असते, पाहुण्यांपैकी कोणाला तेथे बोलवायचे हे ठरलेले असते, आणि त्यासाठी वडिलांनी काढलेले कर्ज पुढे तीन वर्षे फिटत नाही. व्यसनमुक्तीच्या शिबिराला परमिट रूमच्या मालकाकडून वर्गणी घेतलेली आम्ही स्वतः पाहिली आहे. त्या सभेत प्रार्थना म्हणण्यास आम्हांसच बोलाविले होते, आणि आम्ही ती म्हटली.

निघताना त्या तरुणाने पिशवीतून कॅलिफोर्नियाच्या द्राक्षारसाची एक बाटली काढून प्रेमाने आमच्यापुढे ठेवली. आमच्याकडील मुभा मिस्सेच्या द्राक्षारसापुरती आहे, या बाटलीचा परवाना आमच्याजवळ नाही, असे आम्ही त्याला म्हणालो. तो हसू लागला. ''फादर, इथे कोण विचारतो?''