आट्यांचा आटापिटा

'माझा कोणावरही राग नाही' असं म्हणून लेख सुरू करायची आपल्याकडे पद्धत आहे. माझा आहे. तो 'बसतंय की!' या दोन शब्दांवर आहे.

माझ्या मेहुण्याने फ्रान्समधली नोकरी संपवून परतताना तिथल्या जुन्या बाजारातली एक सायकल आणली. 1970 च्या दशकातली. त्याच्या घरात जागा नव्हती, म्हणून ती माझ्या गळ्यात, म्हणजे घोडबंदर रोडवरच्या माझ्या गॅलरीत, पडली. पॅडलं खडखडत होती, म्हणून मी ती कोपऱ्यावरच्या दुकानात नेली.

कारागिराने दोन्ही पॅडलं काढून रॉकेलमध्ये धुतली. त्यांच्यावर रोमन लिपीत 'डी' आणि 'जी' अशी अक्षरं होती. "काका, डी म्हणजे डावं," असं म्हणून त्याने डी डावीकडे लावायला घेतलं. आता फ्रेंच माणूस उजव्याला 'द्र्वात' म्हणतो आणि डाव्याला 'गोश', त्याला हा काय करणार! शिवाय चालवताना आपोआप सुटू नये म्हणून डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. पॅडल काही केल्या जाईना. "जुना माल आहे, गेला. नवीन घ्या," असा निकाल लागला.

नवीन जोडी देशी होती. उजवं कसंबसं गेलं. डावं एक वेढा गेलं आणि अडलं. "जरा टाइट आहे, पण बसतंय की!" म्हणत त्याने पान्याला हातभर पाइप लावला आणि पॅडल आत घातलं. मीही मान डोलावली, हे कबूल केलं पाहिजे.

तिसऱ्या दिवशी गायमुखच्या चढावर ते पॅडल माझ्या बुटासकट बाहेर आलं. क्रँकचे ॲल्युमिनियमचे आटे जिलबीसारखे त्याला गुंडाळलेले होते. शेजारून गुजरातकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग चालली होती. मी डावीकडे पडलो म्हणून हा लेख लिहितो आहे. उजवीकडे पडलो असतो, तर माझ्यावर लिहावा लागला असता.

मग मी पट्टी घेऊन बसलो. जुनं फ्रेंच पॅडल 14 मिलिमीटरचं, त्याच्या दोन आट्यांतलं अंतर 1.25 मिलिमीटर. आपलं पॅडल 9/16 इंच, म्हणजे 14.29 मिलिमीटर, आणि इंचाला 20 आटे, म्हणजे 1.27. जाडीतला फरक सगळा 0.29 मिलिमीटर!

काही जण म्हणतील, चूक फ्रेंचांची. जगाबरोबर चालायला नको? अहो, ज्यांनी 1795 साली कायदा करून मीटर आणला, त्यांनी मिलिमीटरमध्ये आटे पाडले तर काय चुकलं? 1980 च्या दशकात तेही हळूहळू इंचावर आले. आपण 1956 साली कायदा करून दशमान पद्धत घेतली, तरी या रस्त्यावर फ्लॅटचा भाव चौरस फुटाने विचारतात, नळ अर्ध्या इंचाचा मागतात आणि सायकलीचं पॅडल सोळांश इंचात मोजतात. आपण फ्रेंचांना हसू नये.

माझं भांडण मापाशी नाही, 'जवळजवळ'शी आहे. फरक मोठा असला की तो सरळ तोंडावर सांगतो. ट्रकचा बोल्ट सायकलीला लावायचं कोणाच्या मनात येत नाही. घात करतो तो केसाएवढा फरक, कारण त्याला जोर लावता येतो. उलट, सैल फ्रेंच पॅडल आपल्या क्रँकमध्ये घातलं, तर ते लोण्यात सुरी जावी तसं जातं आणि तसंच एक दिवस निघून येतं.

आणि उपाय किती साधा! फ्रेंच क्रँकमध्ये 9/16 चा टॅप फिरवून नवे आटे पाडता येतात. लहान भोक मोठं करणं अवघड नाही. चांगल्या फिटरचं पाव तासाचं काम. पण त्यासाठी आधी कोणीतरी 'हे बसत नाही' म्हणावं लागतं, आणि तेवढंच आपल्याच्याने होत नाही. लग्नात, नोकरीत, रस्त्याला रस्ता जोडताना, गटारावर झाकण ठेवताना, सगळीकडे आपण पान्याला पाइप लावतो. नंतर आटे गेले की दोष नशिबाला.

परवा मेहुण्याचा फोन आला. "सायकल कशी काय?"

"उत्तम," मी म्हणालो. "बसली आहे. गॅलरीत."