चॉटनची बुजवलेली खिडकी

जेन ऑस्टिन शिकवताना आपण सगळेच एक दार उघडतो. चॉटनच्या घरातले ते दार कुरकुरे. त्याला तेल घालू नका असे ती म्हणे, म्हणजे कुणी आल्याची वर्दी मिळून लिहिलेले कागद झाकता येत. ही आख्यायिका तिच्या भाच्याने १८७०च्या चरित्रात सांगितली आहे. प्रस्तुत लेखकानेही ती वर्गात वर्षानुवर्षे रंगवून सांगितली. आता संकोच वाटतो. ज्या स्त्रीने १८११ साली पहिली कादंबरी स्वतःच्या आर्थिक जोखमीवर छापवली आणि दुसरीचे हक्क ११० पौंडांना विकले, तिचे हे लाजरे चित्र आपल्याला फार सोयीचे वाटते.

त्याच घराची एक खिडकी मात्र आपण पाहत नाही. हॅम्पशायरमधले हे लाल विटांचे दुमजली घर अगदी रस्त्यालगत आहे. विंचेस्टर आणि गॉस्पोर्टचे रस्ते तिथेच फुटतात. जाणाऱ्या-येणाऱ्या घोडागाड्यांतून आतले सारे दिसे. म्हणून भाऊ एडवर्डने दिवाणखान्याची रस्त्याकडची मोठी खिडकी बुजवली आणि बागेच्या बाजूला नवी पाडून घेतली. विटांनी भरलेली ती चौकट आजही बाहेरून ओळखू येते.

बुजवली ती एडवर्डने, कारण घर त्याचे होते. १८०५ साली वडील वारल्यावर आई आणि दोघी बहिणी बाथ, साउदॅम्प्टन असे बिऱ्हाड हलवत राहिल्या. दत्तक गेलेल्या एडवर्डकडे मोठी जहागीर आली होती. तिच्यातले हे घर १८०९ साली त्यांना राहायला मिळाले. भावाची माया खरीच, पण भिंतीत खिडकी कुठे असावी हे मालक ठरवतो. वारसाहक्काने बेघर होणाऱ्या स्त्रिया तिच्या कादंबऱ्यांतून का हिंडतात, हे कळण्यासाठी कुरकुरणाऱ्या दारापेक्षा ही भिंत अधिक उपयोगी आहे.

‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’त अशाच दिलेल्या घरात राहायला गेलेल्या डॅशवूड मायलेकी आहेत. कौलारू छपराचे, वेली नसलेले ते घर ‘कॉटेज’ म्हणून उणेच आहे, असे निवेदक मिस्कीलपणे नोंदवतो. चॉटनलाही आपण हौसेने कॉटेज म्हणतो. कॅसँड्रा १८४५ साली गेल्यावर त्याचे तुकडे पाडून तिथे मजुरांची कुटुंबे ठेवली गेली. संग्रहालय झाले ते १९४९ साली.

यंदा वर्गात मी त्या दर्शनी भिंतीचे छायाचित्र आधी दाखवणार आहे. दाराची गोष्ट, तास उरला तर.