कवितेचा हंगाम

बीड जिल्ह्यात कविता ऐकणारा माणूस दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे तो कवितासंग्रह विकत घेणारा, आणि साहित्यव्यवहार या दोघांना वर्षानुवर्षे एकच समजत आला आहे. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की रात्रीच्या कीर्तनाला आख्खे गाव मांडवात असते. त्या कीर्तनाचा सगळा डोलारा एका अभंगावर, म्हणजे एका कवितेवर उभा असतो. तालुक्याच्या गावी कविसंमेलन भरते तेव्हा मात्र समोरच्या खुर्च्यांवर बहुतांशी कवीच बसलेले दिसतात, आपल्या पाळीची वाट पाहत. आणि पाळी झाली की त्यातले बरेच जण शेवटची एसटी गाठायला उठतात.

या जिल्ह्याचे कवितेशी नाते जुने आहे. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईच्या बाहेर डोंगरात आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेने शके १११०चा, म्हणजे इ. स. ११८८चा मानला जातो. ग्रंथाचा काळ आणि रचनास्थळ यांबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण वेदान्तासारखा विषय मराठी ओवीत सांगायचा हा त्यामागचा निर्णय मोठा होता, याबद्दल दुमत नाही. संस्कृत न कळणाऱ्यांपर्यंत पोचायचे तर त्यांच्या कानांना सवयीचा छंद हवा. पुढे दासोपंतांनी (१५५१–१६१५) याच गावात अफाट लिहिले. त्यांच्या ‘गीतार्णवा’ची ओवीसंख्या परंपरा सव्वा लाख सांगते. त्यांची ‘पासोडी’ तर कापडावर लिहिलेली आहे, सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद. एवढा मोठा मजकूर भिंतीवर टांगून समोर बसलेल्यांना समजावता येतो, पोथीचे पान तसे दाखवता येत नाही. दासोपंतांचा हेतू नेमका हाच होता असे ठामपणे म्हणणे अवघड आहे, तरी त्या कापडाचा आकार पाहणाऱ्याला तसे वाटल्याशिवाय राहत नाही.

कीर्तनाची रीत जरा बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण कविता पोचवण्याचे इतके तयार तंत्र मराठीत दुसरे नाही. वारकरी कीर्तनकार सुमारे दोन तासांत एकच अभंग ‘घेतो’. आधी तो संपूर्ण म्हटला जातो. मग एकेक चरण सुटा करून त्याचा अर्थ, त्याला दुसऱ्या संतांची प्रमाणे, एखादा दृष्टान्त, एखादी कोपरखळी, आणि दर थोड्या वेळाने टाळकऱ्यांसह पुन्हा ध्रुपद. कीर्तन संपेपर्यंत तो चरण ऐकणाऱ्याच्या तोंडात बसलेला असतो, त्यासाठी त्याला अक्षरओळख असावी लागत नाही. भारुडात याला सोंगाची जोड मिळते. भारुडे रचणाऱ्या संत एकनाथांचे पैठण गोदावरीच्या पलीकडच्या तीरावर, त्यामुळे ही परंपरा बीडला शेजारची. कविसंमेलनात याच्या उलट घडते. पंचवीस कवी, प्रत्येकाला तीन-चार मिनिटे, मध्ये सूत्रसंचालकाची चारोळी. एकही कविता दुसऱ्यांदा ऐकू येत नाही, तिच्यावर कोणी बोलत नाही. चांगली कविता आणि टाळ्याखाऊ कविता यांतला फरक कळायला श्रोत्याला लागणारा वेळच तिथे दिला जात नाही.

मुशायऱ्यात हा वेळ श्रोता स्वतःच मागून घेतो. बीड १९४८पर्यंत निजामाच्या राजवटीत होते आणि उर्दूचा कान इथे तयार झालेला आहे. आवडलेला शेर ‘मुकर्रर’ म्हणून पुन्हा ऐकण्याचा हक्क मुशायऱ्यातल्या श्रोत्याला असतो. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी महाराष्ट्रभर एकत्र काव्यवाचने केली, त्यांच्या यशातही हा भाग होताच: कवी तीनच, वेळ भरपूर.

ज्यांना कविता ‘न्यायची’ म्हणून योजना आखल्या जातात, त्या समाजाने स्वतः रचलेली कविता हा वेगळाच विषय आहे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. १९९६मध्ये त्यांनी याच जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रण केले, तेव्हा तिथल्या बायकांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या गायल्या. ज्या छंदात ब्रह्मज्ञान सांगितले गेले, त्याच छंदात या बायकांनी बाबासाहेबांविषयीची कृतज्ञता आणि अस्पृश्यतेचा हिशेब मांडला. संग्रहात ओवीसोबत गाणारीचे नावही नोंदले आहे, हे महत्त्वाचे. एरवी अशी रचना ‘लोकसाहित्य’ या शब्दाखाली निनावी होऊन जाते. पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि ओवी म्हणण्याची पहाटेची वेळही गेली. लग्नातल्या हळदीला ओवी अजून ऐकू येते. तालुक्यातल्या कविसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेवर मात्र ओवी रचणारीचे नाव क्वचितच असते.

साहित्यसंस्थांनी काही केले नाही असे नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या जिल्ह्यात दोनदा भरले: १९८३मध्ये अंबाजोगाईला व्यंकटेश माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली आणि १९९८मध्ये परळी वैजनाथला द. मा. मिरासदारांच्या. दोन्ही अध्यक्ष गद्यलेखक, हा योगायोग. अंबाजोगाईत भगवानराव लोमटे यांनी सुरू केलेला यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह अधिक टिकाऊ ठरला. त्यात शेतकऱ्यांचा मेळावा, कविसंमेलन आणि शास्त्रीय संगीत एकाच मांडवात येतात. बाजारभावाची चर्चा ऐकायला आलेला माणूस कवितेपर्यंत थांबू शकतो, ही सोय कोणत्याही स्वतंत्र कविसंमेलनात नाही.

पण हा समारोह नोव्हेंबरच्या अखेरीस होतो, आणि अडचण तिथेच आहे. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांवर जातात. पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूरकडची कितीतरी गावे म्हातारीकोतारी आणि शाळेतली मुले यांच्यावर सोडलेली असतात. नेमक्या याच महिन्यांत साहित्याचा हंगाम असतो: ग्रंथोत्सव, संमेलने, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. दिवाळी अंकही त्यातलाच. का. र. मित्र यांनी १९०९मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तो सुटीत घरी निवांत बसणाऱ्या वाचकासाठी. बीडमधल्या मोठ्या वर्गाला दिवाळीतच घराला कुलूप लावावे लागते.

मौखिक परंपरेने हे वेळापत्रक आपोआप सांभाळले आहे. गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलपासून माणसे परततात. मग यात्रा, लग्ने, आंबेडकर जयंतीची भीमगीते. पेरणीच्या आगेमागे वारी येते: पैठणहून निघालेली नाथांची पालखी पाटोद्यावरून, शेगावची गजानन महाराजांची परळी-अंबाजोगाईवरून. कवितेचे कार्यक्रम चैत्र ते आषाढ या काळात, यात्रेच्या किंवा सप्ताहाच्या आधीच्या संध्याकाळी ठेवले तर मांडव, ध्वनिक्षेपक आणि श्रोते तिन्ही तयार मिळतात. कवी दोन-तीनच असावेत, प्रत्येकाची एखादीच कविता उलगडून सांगितली जावी आणि गावातल्या ओवी म्हणणाऱ्या बाईला सुरुवातीचा मान मिळावा. सप्ताह चालवणारी मंडळी याला हरकत घेतील अशी भीती शहरात अधिक आहे. गावात आधी विचारले जाते ते पाहुण्यांच्या जेवणाचे.

हिवाळ्यात मागे राहणाऱ्यांचा विचार वेगळा करावा लागतो. आईबाप फडावर गेलेल्या मुलांसाठी गावातल्या शाळांत हंगामी वसतिगृहे चालतात. तिथे संध्याकाळी जेवणानंतरचा वेळ मोकळा असतो, पाठ्यपुस्तकातल्या कविता हाताशी असतात आणि गावातल्या आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतात. आजीने म्हणायची आणि मुलांनी वहीत उतरवून घ्यायची, एवढ्याने हा उपक्रम सुरू होतो. त्याला अनुदान लागत नाही. लागतो तो एक शिक्षक, ज्याला तास संपल्यावर थांबायची तयारी आहे, आणि जमल्यास गावच्या ‘ड’ वर्ग वाचनालयातून आठवड्याला आणलेली चार-पाच पुस्तके.