शंभरातले ते तीन कोण?

परवा पौडकडचा एक जुना स्नेही घरी आला. बँकेत असताना त्याचे पीककर्ज माझ्या टेबलावरून गेले होते, तेव्हापासूनची ओळख. महिन्यापूर्वी त्याच्या मोठ्या आतड्यातली कर्करोगाची गाठ काढली. रोग दुसऱ्या टप्प्यातला, म्हणजे आतड्याच्या भिंतीत खोल गेलेला, पण जवळच्या लसिकाग्रंथींत न शिरलेला. आता केमोथेरपी घ्यायची की नाही, हा निर्णय डॉक्टरांनी त्याच्यावर सोपवला आणि त्याने माझ्यावर. "साहेब, तुम्ही कागद बघून माणूस ओळखायचात," म्हणाला.

मी डॉक्टर नव्हे, पण हिशेब मांडता येतो. या टप्प्यात बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेनेच बरे होतात. ब्रिटनमधल्या 'क्वासार' चाचणीचे निष्कर्ष २००७ साली आले. केमोथेरपीने शंभरातले तीन-चार जण जास्त वाचतात, एवढाच फरक. ते तीन-चार कोण, हे आधी कुणालाच कळत नाही. म्हणून औषध सगळ्यांनी सोसायचे! त्यातले ऑक्झालिप्लॅटिन दिले तर हातापायांना मुंग्या येतात, गार पाणी सोसवत नाही. कित्येकांच्या बोटांतला बधिरपणा वर्षानुवर्षे जात नाही. आषाढातल्या चिखलात भातलावणी करणाऱ्याला हे कसे परवडावे?

स्नेह्याच्या मुलाला कुणीतरी जनुकांची महागडी चाचणी सुचवली होती. त्यासाठी म्हैस विकायची तयारी होती. बारा जनुकांची अशी एक चाचणी २०१० पासून परदेशात मिळते. रोग उलटण्याचा धोका ती सांगते. औषध लागू पडेल की नाही, हे मात्र सांगत नाही. कर्ज बुडणार हे कळले, म्हणून नोटीस धाडल्याने ते वसूल होईलच असे थोडेच आहे?

त्यापेक्षा साधी एक तपासणी आहे. काढलेल्या गाठीतच डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिने शाबूत आहेत का, ते पाहतात. त्यांतले एखादे नसेल तर या टप्प्यात रोग उलटण्याचा धोका सहसा कमी असतो आणि नुसत्या फ्लुरोयुरॅसिलचा फायदा जवळजवळ होत नाही. शिवाय दोष आनुवंशिक निघाला तर मुलाबाळांनाही वेळीच सावध करता येते. रक्तात तरंगणारे गाठीचे डीएनए शोधण्याचीही पद्धत आली आहे. ऑस्ट्रेलियातल्या ४५५ रुग्णांच्या २०२२ मधल्या अभ्यासात तिच्यामुळे केमोथेरपी घेणारे शंभरातले २८ होते ते १५ वर आले, आणि रोग उलटण्याचे प्रमाण वाढले नाही. मला ही वाट आशेची वाटते.

पण त्या दुपारी माझे लक्ष भलत्याच आकड्यावर अडले. अहवालात तपासलेल्या ग्रंथी सातच होत्या! निदान बारा तपासाव्यात, असा जगभरचा दंडक आहे. सातच पाहून रोग 'पोचलेला नाही' म्हणणे म्हणजे निम्मी खाती तपासून ताळेबंदावर सही करण्यासारखे. जनुके राहिली दूर, आधी मोजणी तरी पुरी हवी!

काढलेला भाग पुन्हा तपासायला सांगा आणि नमुने परळला दाखवा, असे मी सुचवले. मुळशीत टाटांचे नाव निघाले की सेनापती बापट आणि धरणाखाली गेलेली गावे आठवतात. दुखण्यात मात्र १९४१ सालचे टाटा रुग्णालयच आठवते. असो.

काल मुलाचा फोन आला. आणखी सात ग्रंथी सापडल्या, सगळ्या निर्मळ. प्रथिनांचा अहवाल पुढच्या आठवड्यात यायचा आहे. म्हैस अजून गोठ्यातच आहे.