लक्ष्मीचा खडा कीं बांधावरची गारगोटी?

लक्ष्मीस स्फटिक, सूर्यास माणिक, शनीस नीलम, असें सांगत जोशीबुवा गांवोगांव हिंडतात. बंधूंनो, स्फटिक व तुमच्या फाळाला अडणारी गारगोटी हीं एकाच सिलिकेचीं; हा स्वच्छ, ती मळकट, इतकेंच! माणिक व नीलम हे दोन्ही तर कुरुंदच. त्याच्याच भुकटीच्या साणेवर शिकलगार विळ्या-सुऱ्यांस धार लावीत आले. (शनि-सूर्य या बापलेकांचें वैर, मग एकाच दगडांत दोघे कसे नांदतात? बुवांस विचारावें.) आमच्या मरीआईस मात्र कोणीं खडा नेमून दिला नाहीं. तिच्या भक्तांजवळ खड्यापुरता पैका कोठें होता? ती शेंदराच्या धोंड्यांतच राहिली. परवां वहीवांचून आमच्या शाळेंतली एक मुलगी घरीं बसली. बापाच्या गळ्यांत स्फटिकाची माळ होती, तीही उधारीची.