इमारत पाहू नका, वर्कशॉप मोजा!



दहावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावी दोन दुकाने एकदम मांडली जातात. एक बियाण्याचे, दुसरे शिक्षणाचे. बियाण्याच्या पाकिटावर बोंडांनी लगडलेली पऱ्हाटी असते, शिक्षणाच्या पाटीवर हेल्मेट घातलेला पोरगा असतो. खाली दोन्हीकडे एकच शब्द : हमी! बियाण्यात आपण किती वेळा फसलो ते ज्याला त्याला पाठ आहे. आता पोरांच्या बाबतीतही फसायचे काय?

कापूस-ज्वारीवर घर भागत नाही म्हणून एखाद्या पोराला, पोरीलाही, फिटर, टर्नर, वेल्डर करावे, हा विचार शहाणपणाचा आहे. आमचा विरोध आहे तो कागदाच्या तुकड्यासाठी जमीन गहाण टाकण्याला.

आमच्या बैठकांना येणाऱ्या एका कास्तकाराने एकरभर रान गहाण ठेवून पोराला खासगी संस्थेत वेल्डर केले. वर्षभरात पोराच्या हाती रॉड आले ते बोटांवर मोजण्याइतके. कारखान्यात फोरमनने दोन पट्ट्या दिल्या, म्हणाला, जोड. हातोडीच्या पहिल्याच घावाला जोड सुटला. पोरगा घरी आला, एकर अजून गहाणच आहे. दोष पोराचा नाही. ज्याला रॉड दिले नाहीत त्याच्याकडून जोड कसा मागता?

मग निवड कशी करावी? आम्ही शेतीची पदवी घेतलेली माणसे, आम्हाला एकच रीत ठाऊक आहे. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि उगवलेले कोंब मोजायचे. ज्वारीच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान 75 टक्के लागते. हीच कसोटी संस्थेला लावा. मागच्या तुकडीतली पोरे आज कुठे आहेत, त्यांच्या घरी जाऊन विचारा. संस्थाचालकाने छापलेले फोटो म्हणजे उगवण नव्हे.

दुसरे, वर्कशॉपमध्ये जा, तेही काम चालू असताना. लेथ किती आहेत, त्यातले चालू किती, एका लेथमागे पोरे किती? वेल्डरला आठवड्याला रॉड किती मिळतात? शिल्पनिदेशक रोज येतो की तपासणीच्या दिवशीच? लेथवर धूळ साचलेली दिसली, तर पायरी उतरून परत या.

तिसरे, कागद तपासा. मान्यता संस्थेच्या नावाला नसते, व्यवसायागणिक आणि तुकडीगणिक असते. फिटरची आहे म्हणून वेल्डरची असेलच असे नाही. राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळणार की संस्थेच्याच शिक्क्याचा कागद, हे आधीच विचारून घ्या.

चौथे, खर्च पुरता मांडा. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, फिटर आणि टर्नरचा दोन वर्षांचा. फीमध्ये खोली, मेस, बस आणि घरचा एक हात कमी झाला त्याची मजुरी मिळवा. मग दिसेल की घराजवळच्या सरकारी आयटीआयपेक्षा स्वस्त सौदा सहसा मिळत नाही.

शिकणे तिथेच संपत नाही. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील नियमांत 2019 साली बदल झाले. आता 30 किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि त्यांना विद्यावेतन द्यावेच लागते. म्हणजे खरा हात बसतो तिथे पोराला पैसे मिळतात. ‘नोकरी लावून देतो’ म्हणून वर पैसे मागणारा दलाल समजावा.

कोणी म्हणेल, सरकारी आयटीआयत तरी काय दिवे लावले आहेत? जिथे निदेशकाची जागा रिकामी आहे, यंत्र बंद आहे, तिथे हे खरेच आहे. पण म्हणून खासगी दुकानात जमीन ओतायची काय? ते वर्कशॉप आपल्या कराच्या पैशातून उभे आहे. रोहित्र जळाले की आपण वीज कंपनीच्या दारात बसतो. बंद लेथसाठी प्राचार्यांच्या दारात कधी बसलो?

तेव्हा या बैठकीतून उठण्याआधी प्रत्येक तालुक्याने पाच माणसे नेमावीत. ऑनलाइन अर्जात विकल्प भरण्याआधी त्यांनी सरकारी-खासगी सगळी वर्कशॉप पाहावीत. चालू यंत्रे, हजर निदेशक आणि कामाला लागलेली पोरे, हे तीन आकडे कागदावर लिहून गावाच्या पारावर लावावेत. चांगल्या खासगी संस्थेला या आकड्यांची भीती वाटायचे कारण नाही. ज्याला वाटेल, त्याच्याकडे पोर पाठवू नका.